प्लायची तरंगती फळी झुकतेच? खुलासा

नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय : ब्रॅकेट न दिसणारी तरंगती फळी प्लायवूडची केली तर झुकतेच, अख्खं सागवानच हवं. हे चूक आहे. फळी झुकते ती बहुधा भिंतीपाशी. स्क्रू नुसत्या गिलाव्यात बसले असतील, तर सागवानही खालीच येणार! आत लाकडी चौकट, ती विटेत खोल गेलेल्या गिट्टी-स्क्रूंनी (गिट्टी म्हणजे भोकात ठोकायची प्लास्टिकची खुंटी, तिच्यात स्क्रू घट्ट बसतो) आवळलेली, वरखाली फेविकॉलने चिकटवलेला प्लाय. अशी पोकळ पेटी हलकी आणि ताठ राहते. सागवानाची पट्टी समोरच्या कडेला लावा, प्लायचे थर झाकले जातात आणि टवके उडत नाहीत. उलट रुंद अख्खी फळी मेच्या ४५ अंशांत आकसते, पावसाळ्यात फुगते. लकडगंजात, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारात, सागवान घ्या की, पण पट्टीपुरतं.