बोट वाकतंय म्हणून नस शाबूत?

परवा मावसभावाने दादर ज्वारी कापताना पेंढीत अडकलेला विळा ओढला आणि पातंच मुठीत आलं. मधल्या बोटाला तळव्याकडून खोल चीर. मी अमळनेरहून ‘दवाखान्यात जा’ म्हणून ओरडतोय आणि हा मलाच व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान पाठवतोय: बोट वाकत असेल तर नस शाबूत, अर्धी कापलेली नस आपोआप जुळते, हळद-चुना भरून कामटी बांधा, दीड महिना हलवू नका, ऑपरेशन ही लूट, आणि भुलीच्या इंजेक्शनने बोट काळं पडतं. वर त्याचं आहेच, “बोट वाकस ना भो, मंग?”

वाकणारच! आपण जिला नस म्हणतो ती टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी पांढरी दोरी. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या अशा दोन दोऱ्या असतात, एक मधल्या पेराला, दुसरी शेंड्याला. शेंड्याची अख्खी तुटली तरी मधला सांधा वाकतो. अर्धवट कापली असेल तर सगळंच वाकतं, फक्त जोर लावला की कळ येते. जखमेत डोकावूनही भागत नाही. मूठ वळलेली असताना कापलं, तर बोट सरळ केल्यावर टेंडनवरचा काप शेंड्याकडे सरकतो. वरच्या चिरेतून दिसते ती शाबूत पांढरी दोरी, आणि माणूस निर्धास्त होतो.

‘अर्धी नस जुळते’ याला मात्र पाव मार्क द्यावाच लागेल. साधारण निम्म्या ते साठ टक्क्यांच्या आतला काप बहुतेक हँड सर्जन शिवत नाहीत. कडा अडकत असेल तर तेवढी छाटतात. त्याहून जास्त असेल तर आतून मजबूत टाके आणि कडेने बारीक दोरा. पण किती टक्के हे जखम उघडून, भिंगातून बघूनच कळतं. फॉरवर्ड करणाऱ्याला ते कुठून दिसलं? न छाटलेली कड कुरतडलेल्या नाडीसारखी नेफ्यात अडकते, बोट खटकन थांबतं. जास्त कापलेली टेंडन पुढे कधीतरी बादली उचलताना पूर्ण तुटते, टोक तळहातात ओढलं जातं. मग नुसत्या टाक्यांनी भागेलच असं नाही, मनगटाजवळची दुसरी टेंडन काढून जोडायची वेळ येते.

चुन्यावर काय बोलायचं? उघड्या जखमेत तो भाजतो.

दीड महिना हलवू नका, हे वाचून तर डोकंच फिरलं. मी फिजिओथेरपिस्ट, अशी ताठ झालेली बोटं मीच सोडवत बसतो. टेंडन आजूबाजूला चिकटते. म्हणून शिवल्यावरही हाताच्या मागून स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, लावून काही दिवसांतच मोजकी हालचाल सुरू करतात, जड काम साधारण तीन महिने बंद.

काळ्या बोटाची भीती जुनी आहे, पूर्वी डॉक्टरही बाळगायचे. कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड यांच्या गटाने 2005 मध्ये, हात आणि बोटांत अ‍ॅड्रेनलिन (भुलीच्या औषधात मिसळतात ते, रक्तवाहिन्या आकसवणारं; भीती त्याचीच) दिलेल्या सलग 3,110 केसेस छापल्या. एकाचंही बोट सडलं नाही. आता तर जागेपणी टाके घालून टेबलावरच पेशंटला बोट वाकवायला लावतात. टाका कुठे अडकतोय ते तिथंच दिसतं.

लुटीचं म्हणाल तर दोन दवाखान्यांत विचारा, मी काही सर्जनांचा वकील नाही.

आज तिसरा दिवस. पहिल्या आठवड्यात शिवणं सोपं जातं, म्हणून उद्या पहाटे त्याला धुळ्याला नेतोय. वहिनीला सांगितलंय, कामटी राहू दे, चुना तेवढा धुऊन टाक.