आयफेल ६५ चं ‘ब्लू’: फॉरवर्ड होणाऱ्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

नव्वदच्या दशकातल्या डान्स गाण्यांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. त्याचा गोषवारा असा: आयफेल ६५ हा फ्रेंच बँड. १९९९ मध्ये तीन हौशी पोरांनी कॉम्प्युटरवर एका रात्रीत ‘ब्लू (दा बा दी)’ बनवलं. गायक कुणीच नाही, आवाज रोबोटचा, आणि तोही शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्याची नक्कल. गाणं रातोरात गाजलं, अमेरिकेसकट जगभर एक नंबरला गेलं, त्याला ग्रॅमी मिळालं आणि बँड कायमचा गायब झाला.

एवढ्याशा मजकुरात धड विधान एखादंच आहे. या गाण्यामागे बऱ्याच जाणत्या लोकांची मेहनत आहे, म्हणून एकेक दावा घेऊ.

‘फ्रेंच बँड’

नावात आयफेल दिसलं म्हणून पॅरिस गाठायचं कारण नाही. हा गट इटलीतल्या तोरिनोचा, म्हणजे आपण ज्याला तुरीन म्हणतो त्या शहरातला. गायक जेफ्री जे, खरं नाव जानफ्रांको रांदोने. कीबोर्डवर माउरित्सिओ लोबिना आणि डीजे गाब्री पोंते. तिघंही तोरिनोच्याच ब्लिस कॉर्पोरेशन या निर्मितीसंस्थेत काम करणारे. मास्सिमो गाबुत्ती तिचा कर्ताधर्ता.

नावाची हकीकत गटाच्याच लोकांनी सांगितलेली आहे. कॉम्प्युटर प्रोग्रामनं यदृच्छेनं काढून दिलेल्या शब्दांतून ‘आयफेल’ निवडला गेला. ‘६५’ हे एका कागदावर खरडलेल्या फोन नंबरातले आकडे. रेकॉर्डवरच्या लेबलची मांडणी करणाऱ्यानं ते नावाचाच भाग समजून छापले आणि पुढे तसेच राहू दिले. मनोरा आणि १९६५ साल यांचा जो संबंध लोक जोडतात, तो मुळात नाही.

‘तीन हौशी पोरं, एका रात्रीत’

हा दावा सर्वांत जास्त खटकतो. जेफ्री जे हा ‘ब्लू’च्या कितीतरी आधीपासून ब्लिस टीम या नावानं निघणाऱ्या डान्स रेकॉर्डचा गायक होता. १९९८ उजाडेपर्यंत गाबुत्ती आणि निर्माता लुचानो झुक्केत यांच्या स्टुडिओत युरोडान्स हा रोजचा धंदा झाला होता.

गाणं घडलं तेही टप्प्याटप्प्यानं. आधी लोबिनानं पियानोची ती सुरावट बांधली. मग जेफ्री जेला शब्द लिहायला सांगितलं, तेही नेहमीच्या प्रेमगीतासारखे नकोत, काहीतरी विक्षिप्त हवं, असं बजावून. त्यानं एक माणूस कल्पिला, ज्याचं घर, खिडकी, गाडी सगळं निळं आहे. ‘दा बा दी’ ही ओळ गाबुत्तीची. निर्मितीची बाजू झुक्केत आणि गाबुत्तीनं सांभाळली. पोंतेचं ‘आइस पॉप मिक्स’, म्हणजे त्याच गाण्याचं वेगळ्या मांडणीचं रूप, हेही सिंगलच्या (एकाच गाण्याच्या) सीडीवर होतं.

एकाच गाण्याची तीन-चार मिक्स एका सीडीवर का, हे डीजेचं काम माहीत असेल तर लगेच उमगतं. ‘ब्लू’चा वेग मिनिटाला १२८ ठोके, ताल चार मात्रांचा. म्हणजे एक ठोका सुमारे ०.४७ सेकंद, चार ठोक्यांचा एक बार १.८७५ सेकंद, आठ बार बरोबर १५ सेकंद आणि सोळा बार ३० सेकंद. या जातीच्या गाण्यात बदल बहुधा आठ किंवा सोळा बारांच्या सांध्यावर येतात: कुठे बेस आत शिरतो, कुठे किक ड्रम थांबतो, कुठे पियानो एकटा उरतो. क्लब मिक्स सहा मिनिटांच्या पुढे जातं, कारण सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या तालाचा भाग मोकळा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात डीजे आधीच्या गाण्याशी वेग जुळवतो.

रेडिओ एडिटला, म्हणजे रेडिओसाठी छोट्या केलेल्या रूपाला, ही सोय नाही. बोललेली ओळ येते आणि लगोलग पियानो सुरू होतो. तेच चालत्या गाण्यावर चढवलं तर दोन आवाज एकमेकांवर येतात. शिवाय ‘ब्लू’ जी मायनर या पट्टीत आहे; आधीचं गाणं लांबच्या पट्टीत असेल तर पियानो बेसूर वाटतो. वेग जुळला तरी हा दोष जात नाही. तेव्हा वेगवेगळी मिक्स काढणं ही हौस नव्हती, ती वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची गरज होती.

‘१९९९ मध्ये आलं आणि रातोरात गाजलं’

इटलीत सिंगल आलं ऑक्टोबर १९९८ मध्ये, स्कूबी रेकॉर्ड्सवर. ब्रिटनमध्ये ते अव्वल ठरलं सप्टेंबर १९९९ मध्ये. अमेरिकेत सर्वोच्च स्थान मिळालं जानेवारी २००० मध्ये. रातोरात म्हणतात त्या यशाला सव्वा वर्ष लागलं आहे.

इतका वेळ लागण्याचं कारण त्या काळच्या व्यवहारात आहे. छोटी इटालियन कंपनी स्वतः जगभर सीडी पोचवू शकत नसे. प्रत्येक देशातल्या कंपनीला हक्क द्यायचे, मग तिनं आपल्या सोयीनं तारीख ठरवायची, सीडी छापायच्या, रेडिओला पाठवायच्या. ब्रिटनमध्ये हे काम इटर्नलनं केलं, अमेरिकेत रिपब्लिकनं. मधल्या काळात गाणं क्लबांमधून आधीच सरहद्दी ओलांडून गेलेलं असे. उन्हाळ्याच्या सुटीत भूमध्य समुद्राकाठी नाचून आलेले ब्रिटिश लोक घरी परतून दुकानात तेच गाणं मागत आणि दुकानदार युरोपातली सीडी जास्त दामानं आयात करून विकत. ‘ब्लू’च्या बाबतीत ही मागणी इतकी होती की ब्रिटनमध्ये अधिकृतपणे निघण्याआधीच, नुसत्या आयात प्रतींच्या जोरावर, ते तिथल्या खपाच्या साप्ताहिक यादीत ३९ व्या क्रमांकावर आलं.

अधिकृत सिंगल आलं आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. वेंगाबॉइजचं ‘वुई आर गोइंग टू इबिझा’ त्यानं खाली उतरवलं, तीन आठवडे जागा धरली आणि मग क्रिस्टिना अगिलेराच्या ‘जिनी इन अ बॉटल’साठी सोडली. ब्रिटनमध्ये त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. १९९९ सालच्या तिथल्या वार्षिक खपात त्याच्या पुढे फक्त ब्रिटनी स्पिअर्सचं ‘बेबी वन मोअर टाइम’ होतं.

‘अमेरिकेसकट जगभर एक नंबर’

अमेरिकेत नाही. बिलबोर्ड हॉट १०० या तिथल्या साप्ताहिक यादीत ‘ब्लू’ सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं, त्याच्या वर नाही. आणखी गंमत म्हणजे खुद्द इटलीत ते पहिल्या तिनांत पोचलं, पण अव्वल झालं नाही. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, स्वीडन, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया या देशांत मात्र ते पहिल्या क्रमांकावर होतं. जिथे जिंकलं तिथली यादी एवढी मोठी असताना अमेरिका घुसडायची गरजच काय?

हा फरक का पडला ते समजायला दोन याद्या कशा बनत ते पाहावं लागतं. ब्रिटनची यादी त्या काळी निव्वळ दुकानातल्या विक्रीवर चाले. त्यामुळे ज्या गाण्याची लोक वाट पाहत आहेत ते पहिल्याच आठवड्यात वर येऊ शके. सगळी मागणी एका तारखेला फुटे. हॉट १०० मध्ये विक्रीच्या जोडीला रेडिओवरचं वाजणंही मोजलं जाई, आणि त्यात रेडिओचं पारडं जड होतं. डिसेंबर १९९८ पासून तर दुकानात सिंगल न आलेली, फक्त रेडिओवर वाजणारी गाणीही त्या यादीत येऊ लागली. रेडिओवरचा आकडा हळूहळू फुगतो. एका शहरातलं केंद्र गाणं उचलतं, मग दुसरं, आणि एवढ्या पसरलेल्या देशात ते सगळीकडे एकाच वेळी शिखरावर असणं कठीण. गिटार आणि हिप-हॉपला सरावलेल्या अमेरिकन केंद्रांवर इटालियन डान्स गाण्यानं सहावा क्रमांक काढणं ही खरी मोठी कामगिरी आहे. ‘युरोपॉप’ हा अल्बमही तिथल्या अल्बमच्या यादीत चौथा आला आणि त्याला डबल प्लॅटिनम मिळालं, म्हणजे वीस लाख प्रतींचं प्रमाणपत्र.

‘गायक नाही, रोबोट, आणि शेरची नक्कल’

गायक आहे, त्याचं नाव वर दिलं आहे. प्रश्न आवाजावर काय प्रक्रिया केली एवढाच. इथे लोक तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतात.

व्होकोडरला दोन आवाज द्यावे लागतात, एक माणसाचा आणि एक सिंथेसायझरचा. माणसाचा आवाज अनेक कंप्रता-पट्ट्यांत विभागला जातो आणि प्रत्येक पट्टीतली चढउतार सिंथच्या त्याच पट्टीवर लादली जाते. निकाल: सिंथ बोलतो, गायकाचा स्वतःचा सूर उरत नाही. ऑटो-ट्यून, जे १९९७ मध्ये बाजारात आलं, ते गायकाचा सूर ओळखून जवळच्या ठरलेल्या स्वरावर ओढतं. हे ओढणं किती वेगानं व्हावं ते ठरवता येतं. वेग सर्वांत जलद ठेवला की दोन स्वरांमधली मींड नाहीशी होते. हार्मोनायझर गायकाच्या आवाजाची प्रत काढून ती वेगळ्या स्वरावर सरकवतो, आणि मूळ आवाजाऐवजी किंवा त्याच्यासोबत ती वापरता येते. ‘ब्लू’मधला परिणाम हार्मोनायझरनं साधलेला आहे.

कानांनी पडताळायचं तर हेडफोन लावून कडव्यातली एकच ओळ चार-पाचदा ऐका. आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना घसरत नाही, थेट उडी मारतो. पण ‘स’सारखे ऊष्म उच्चार स्पष्ट आहेत आणि आवाजाची जात माणसाचीच आहे. व्होकोडर असता तर तिथे सिंथचा पोत ऐकू आला असता. मग सुरुवातीची बोललेली ओळ ऐका. तीच व्यक्ती आहे हे कळायला वेळ लागत नाही.

नक्कल म्हणाल तर तारखा बघा. ‘बिलीव्ह’ आलं ऑक्टोबर १९९८ मध्ये. ‘ब्लू’ इटलीत आलं तेही ऑक्टोबर १९९८ मध्येच. गाणं बांधणं, गाऊन घेणं, मिक्स करणं, प्रती छापणं हे सगळं त्याआधी उरकलेलं असतं. लंडनमध्ये आलेलं गाणं ऐकून त्याच महिन्यात तोरिनोहून तयार रेकॉर्ड बाहेर पडली, हे गणितात बसत नाही. यंत्रं नवी होती आणि दोन शहरांतले स्टुडिओ त्यांच्याशी एकाच सुमाराला खेळत होते. ‘बिलीव्ह’ आधी जगभर पोचलं म्हणून ‘ब्लू’ मागाहून आल्यासारखं वाटतं, इतकंच.

‘ग्रॅमी मिळालं’

नामांकन मिळालं. फेब्रुवारी २००१ च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट डान्स रेकॉर्डिंगसाठी. पुरस्कार बाहा मेनच्या ‘हू लेट द डॉग्ज आउट’ला गेला.

‘बँड कायमचा गायब’

पुढचंच सिंगल ‘मूव्ह युअर बॉडी’ ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं. एकाच गाण्याचा गट असा शिक्का मारणाऱ्यांनी निदान हा आकडा तरी पाहायला हवा होता. २००३ मध्ये गट इटलीच्या सानरेमो महोत्सवात इटालियन गाणं घेऊन उतरला. २००५ मध्ये पोंते स्वतंत्र झाला, उरलेल्या दोघांनी ब्लूम ०६ या नावानं काम केलं आणि २०१० मध्ये आयफेल ६५ हे नाव पुन्हा मंचावर आलं. पोंतेनं तर २०२५ च्या युरोव्हिजन या देशादेशांतल्या गाण्यांच्या स्पर्धेत सान मारिनोचं प्रतिनिधित्व केलं, ‘तुत्ता लितालिया’ हे गाणं घेऊन. अंतिम फेरीत तो शेवटचा आला, पण त्या फेरीत पोचला हेही खरं.

आणि मूळ गाण्याचं काय? डेव्हिड गेटा या फ्रेंच डीजेनं त्याच चालीवरचं नवं रूप २०१७ मध्ये मायामीच्या अल्ट्रा महोत्सवात वाजवलं होतं. ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. नंतर त्याचे तुकडे टिकटॉकवर पसरले, मागणी वाढली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बीबी रेक्साच्या आवाजात ‘आय अ‍ॅम गुड (ब्लू)’ रीतसर प्रकाशित झालं. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. हॉट १०० वर ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं, म्हणजे अमेरिकेत ते मूळ ‘ब्लू’पेक्षा दोन पायऱ्या वर गेलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यांनी अमेरिकेतला एक नंबर कुठून आणला ठाऊक नाही. या चालीला तिथे तो दोन्ही वेळा मिळालेला नाही. रेक्सा नवे शब्द गाते, पण चाल तोरिनोचीच आहे, म्हणून या गाण्याच्या लेखकांच्या यादीत आजही रांदोने (जेफ्री जे), लोबिना आणि गाबुत्ती ही तीन नावं आहेत.