आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे

बडोद्यातल्या मराठी संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो: ‘आयएसएसएन आहे, इम्पॅक्ट फॅक्टर पाचाच्या वर आहे, दोन दिवसांत स्वीकृती मिळते, म्हणजे नियतकालिक अस्सल, निर्धास्तपणे शोधनिबंध पाठवा.’ यातला एकही दावा तपासणीत टिकत नाही.

आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची केवळ ओळख पटवतो. भारतात तो सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) एनआयएससीपीआर या संस्थेतील राष्ट्रीय केंद्र देते, आणि तो देताना आतल्या मजकुराची गुणवत्ता कोणीही जोखत नाही. शिवाय जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकाचे नाव आणि क्रमांक उचलून हुबेहूब नकली संकेतस्थळ उभारणारेही आहेत. तिथे क्रमांक खरा असतो आणि पैसे मात्र भलत्याच्याच खात्यात जातात.

इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जाहीर करते. आधीच्या दोन वर्षांतल्या निबंधांचा त्या वर्षी सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला, याचे ते गुणोत्तर असल्यामुळे गेल्याच वर्षी सुरू झालेल्या नियतकालिकाला तो असूच शकत नाही. मिळताजुळता ‘फॅक्टर’ पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या वेगळ्या. उलट मराठीतल्या कित्येक चांगल्या संशोधनपत्रिकांना हा आकडाच नाही, म्हणून त्या हलक्या ठरत नाहीत.

दोन दिवसांतल्या स्वीकृतीबद्दल मला सर्वांत जास्त चिंता वाटते. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने मंगळवारी रात्री निबंध पाठवला होता आणि गुरुवारी सकाळी तिला स्वीकृतिपत्र व शुल्काची मागणी एकाच मेलमध्ये आली. निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञ परीक्षकाचा अभिप्राय एका ओळीचाही नव्हता. त्या नियतकालिकाचा ताजा अंक आम्ही उघडला, तर कपाशीवरची बोंडअळी, गृहकर्जाचे व्याजदर आणि संतसाहित्य एकाच अनुक्रमणिकेत होते. २०१३ साली विज्ञान पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला बनावट निबंध ३०४ मुक्त-प्रवेश (वाचकांना मोफत खुल्या) नियतकालिकांकडे पाठवला, तेव्हा १५७ जणांनी तो स्वीकारला होता.

शुल्क घेणे हा स्वतः दोष नाही. नामांकित मुक्त-प्रवेश नियतकालिकेही ते घेतात, पण परीक्षण करून आणि रक्कम आधी सांगून.

‘यूजीसीमान्य’ हा शिक्काही आता आधार नव्हे, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५च्या प्रारंभी बंद केली. तेव्हा आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक घालून तिथले प्रकाशकाचे नाव व संकेतस्थळ मेलमधल्या पत्त्याशी अक्षरशः ताडून पाहावे, संपादक मंडळातल्या एकदोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करून विचारावे आणि एक जुना अंक पूर्ण वाचावा. त्या विद्यार्थिनीने याच क्रमाने तपासले आणि पैसे भरण्याआधी निबंध मागे घेतला.