रात्रीचं उरलेलं, सकाळी पोटभर

"रात्रीचं उरलेलं सकाळी खाणं म्हणजे पोटावर अत्याचार!" मास्तरांनी ठणकावून सांगितलं आणि मग काल कट्ट्यावर दुसरा विषयच निघाला नाही.

गॅरेजवाला लगेच उसळला. "सकाळी सकाळी नवीन रांधायला वेळ कुणाला आहे? भात उरलाय, भाजी उरलीय. कढईत टाकायचं, कडकडीत तापवायचं, की जंतू खलास. पोटभर खायचं आणि कामाला लागायचं."

"इथेच तू फसतोस," लॅबवाली म्हणाली. ती अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे या विषयात तिच्यापुढे आमची डाळ शिजत नाही. "तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतूच म्हण, असतात. भात उकळला तरी ते मरत नाहीत. भात ओट्यावर तसाच राहिला की जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. उलट्या करवणारं हे विष १२१ अंशांना तासभर ठेवलं तरी टिकतं, मग तुझ्या कढईची काय कथा? जंतू मरतील, विष जागच्या जागी राहील."

मास्तर खूश. "बघ, मी काय सांगत होतो?"

"मास्तर, तुमचंही अर्धंच बरोबर आहे. रात्र उलटली म्हणून अन्न बिघडत नाही. ते किती वेळ कोमट राहिलं, ते बघायचं. ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात. भात दुसऱ्या दिवशी संपवून टाकायचा. भाजी, डाळ तीन-चार दिवस चालते. खाताना एकदाच गरम करायचं, पण अगदी मधोमध वाफ येईपर्यंत."

"पण गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवू नये म्हणतात ना?" मास्तरांनी विचारलं.

"भरलेलं खोल पातेलं ठेवू नका. त्याचा मधला भाग थंड व्हायला कित्येक तास लागतात. तेच पसरट डब्यात पातळ थर करून ठेवलं तर भराभर निवतं."

मला विचाराल तर सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे. सकाळची न्याहारी रात्रीच ठरते. जेवण आटोपून गप्पा मारत बसलो आणि पातेलं ओट्यावरच राहिलं, तर सकाळी कितीही हातगुण दाखवा, उपयोग नाही. म्हणून पानं वाढून झाली की लगेच उरणार तेवढं डब्यात काढून ठेवावं. सकाळची निम्मी मेहनत तिथेच वाचते.

गॅरेजवाल्याची पुढची तक्रार तयारच होती. "फ्रीजमधला भात दगड होतो, त्याचं काय?"

अरे, तोच तर त्याचा गुण! भात थंड झाला की त्यातल्या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात, त्यामुळे दाणा घट्ट आणि मोकळा होतो. ताजा भात परतायला घेतला तर त्याचा लगदा होतो. कालचा भात ओल्या बोटांनी हलके मोकळा करायचा. कांदा-मिरची तेलात परतली की भात कढईभर पसरायचा आणि जरा वेळ उलथनं बाजूला ठेवायचं. तळाशी तडतड ऐकू आली की मगच हलवायचा. मग भात कडेला सारून मधल्या जागेत अंडं फोडायचं, ते अर्धवट आळलं की सगळं एकत्र करायचं. दाणा कडकच वाटला तर पाण्याचा हबका मारून मिनिटभर झाकण. मीठ मात्र चाखल्याशिवाय घालू नये, ते रात्रीच पडलेलं असतं.

उकडलेल्या बटाट्यांचंही तेच. थंड बटाटा वाटीच्या बुडाने चेपून तव्यावर ठेवला की त्याला अशी खरपूस साल धरते की बस्स! घट्ट झालेल्या डाळीत पीठ आणि चिरलेला कांदा कालवला की जाडसर धिरडी होतात. पावाचं मात्र उलटं आहे. तो फ्रीजमध्ये सगळ्यात लवकर शिळा होतो. बाहेर ठेवावा, नाहीतर थेट फ्रीझरमध्ये.

"अंडी, वर तेल," मास्तर हिशोबाला बसले. "यात स्वस्त काय राहिलं?"

मुद्दा रास्त आहे. वाटीभर उरलेल्यासाठी दुकानातून पिशवीभर आणलं तर बचत कसली? माझं म्हणणं एवढंच, की उरलेल्यासाठी वेगळं काही विकत आणायचं नाही. माणशी एक अंडं पुरतं, त्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. डाळ उरली असेल तर अंडंही नको. डाळ-भाताच्या जोडीने दुपारपर्यंत भूक लागत नाही.

मग मास्तरांनी स्वतःच आकडा काढला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हे सांगताना त्यांचा आवाज बराच खाली आला होता. शिळ्याला विरोध कायम, पण फ्रीजमध्ये वेळेवर ठेवलेलं चालेल, इथवर ते आले.

अडला तो गॅरेजवाला. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्यायचा, हे त्याला काही केल्या पटेना. "वास घेऊन बघतो ना मी!"

"त्या विषाला वास नसतो," लॅबवाली म्हणाली. "चवही नसते."

अन्न टाकताना जीव तुटतो, माझाही तुटतो. पण असा भात पोरांच्या ताटात वाढायला माझा हात धजणार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मग रात्री भातच कमी लावतो. लावू दे की!