फोटो काढा, पण दोन पावलं मागे सरकून

पोर्ट्रेट मोड बंद करा. बाकी माझी काही तक्रार नाही.

रस्त्यावर पडलेल्या, टाकून दिलेल्या वस्तूंचे फोटो काढणारे हल्ली बरेच झालेत, आपल्या जळगावातही. एकटी चप्पल, छत्रीचा सांगाडा, हात तुटलेली बाहुली. मीही त्यातलीच, त्यामुळे छंदाला नावं ठेवायला बसलेली नाही. पण बहुतेक फोटो बघून हे जळगाव आहे, भुसावळ आहे की बँकॉक, काही पत्ता लागत नाही. मागचं सगळं धूसर, मधोमध चप्पल, वरून सोनेरी ऊन आणि खाली ओळ : 'एकटेपण'. अहो, कसलं एकटेपण! मोटरसायकलवर मागे बसलेल्या कुणाच्या तरी पायातून ती निसटलीय. दोन पावलं मागे सरकला असता तर फोटोत गतिरोधक आला असता आणि सगळा उलगडा झाला असता.

वस्तू जिथे पडलीय ती जागा फोटोत नसेल तर उरतं ते नुसतं शोभेचं चित्र. ज्यासाठी वाकून बघितलं तेच निसटतं.

कूलरच्या गवताचंच घ्या. आपल्याकडे ऊन तापायला लागलं की घरोघर कूलर खाली उतरतात, गवत बदललं जातं आणि जुन्या गवताचे गठ्ठे गल्लीच्या टोकाला येऊन पडतात. जवळून फोटो काढला तर सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू. पण जरा लांबून बघा. काही गठ्ठे पांढरेफटक असतात, चुन्यात बुडवल्यासारखे. तो कूलर बोअरच्या पाण्यावर चाललेला असतो. पाणी उडून जातं, क्षार गवतावर बसतात. काही नुसतेच करडे, कुजकट. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन रंगांचे गठ्ठे दिसले की नळाचं पाणी कुठवर पोचतं याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. मागची घरं, गेट, पाण्याची टाकी फोटोत असेल तरच हे कळणार. टेक्स्चर म्हणून काढलेल्या फोटोला लाइक्स मिळतील, पाण्याचं मात्र त्यातून काहीच कळणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रस्त्यावर उरतं ते भंगारवाल्याने नाकारलेलं. लोखंड, पुठ्ठा, बाटल्या, जुनी वायर यातलं काही फार वेळ पडून राहत नाही, सकाळी सकाळीच कुणीतरी उचलतं. विंचरलेल्या केसांच्या गुंतवळावरसुद्धा भांडी मिळतात. आपल्या सराफ बाजारात तर गटाराच्या कडेची धूळही झारेकरी झाडून नेतात, त्यात सोन्याचे कण असतात म्हणून. म्हणजे आपण ज्याचे फोटो काढतो ती बाजारात भाव नसलेल्या वस्तूंची यादी आहे. आणि ही यादी बदलत असते. कापसाच्या मुलखात जुनी गादी पूर्वी रस्त्यावर कशाला दिसेल? पिंजारी यायचा, तोच कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. आता कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर फोमच्या गाद्या पावसात फुगून पडलेल्या असतात. फोम कोण पिंजणार? अशा गादीचा फोटो काढताना तिच्यावरची फुलांची नक्षी नाही आली तरी चालेल, पण मागे कुठल्या काळातली घरं उभी आहेत ते यायलाच हवं.

कुणीतरी केकी मूस यांचं नाव काढेलच, म्हणून आधीच सांगते. चाळीसगावच्या या फोटोग्राफरबद्दल मला अपार आदर आहे. 1989 मध्ये ते गेले, आयुष्यातली कित्येक दशकं त्यांनी स्टेशनजवळच्या त्या बंगल्यातच काढली. लोक त्यांची प्रेमकहाणी, म्हणजे प्रेयसी येईल म्हणून पंजाब मेलची वाट बघत राहिल्याची गोष्ट, इतक्या चवीने सांगतात की त्यांच्या कामाबद्दल बोलायचं राहूनच जातं. टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या आणि त्यातून अख्खा देखावा उभा करायचा, ही त्यांची टेबलटॉप फोटोग्राफी. तिकडे अमेरिकेत अर्व्हिंग पेन या फॅशनच्या बड्या फोटोग्राफरने 1972 मध्ये रस्त्यावरची सिगारेटची थोटकं स्टुडिओत आणून त्यांचे फोटो काढले आणि महागड्या प्लॅटिनम पद्धतीने छापले. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ते लागलेही. दोघंही थोर, पण दोघांनी वस्तू घरात आणली, मांडली आणि आपण मांडतोय हे लपवलं नाही. आपण रस्त्यावर उभे राहून पायाने चप्पल जरा उन्हात सरकवतो आणि 'सापडली' असं लिहितो. हे मला पटत नाही. मांडायची असेल तर घरी न्या, खुशाल मांडा.

पिंपळाखाली ठेवलेल्या देवांच्या तसबिरी ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. काच फुटली, देव्हारा बदलला, म्हातारं माणूस गेलं की या तसबिरी येतात पाराशी. टाकवत तर नाहीत, म्हणून ठेवायच्या. सगळे पुढून फोटो काढतात, काचेच्या तड्यातून दिसणारी लक्ष्मी वगैरे. मागची बाजू बघा कधी. फ्रेमवाल्याने आतून पुठ्ठा लावलेला असतो, तो कधी जुन्या कॅलेंडरचा, कधी कुणाच्या लग्नपत्रिकेचा. कोपऱ्यात दुकानाचं लेबल, जुन्या पेठेचा पत्ता, कमी आकड्यांचा फोन नंबर. तसबीर हलवायची नाही, उलटी पडलेली मिळाली तरच काढायचा, हा माझा नियम. लग्नपत्रिकेवरची नावं मात्र पोस्ट करत नाही. औषधाच्या चिठ्ठ्या, पासपोर्ट फोटो यांचंही तेच. कचरा वेचणाऱ्या बाईचा चेहरा तर अजिबात नको. तिचं काम चाललंय, ती काही आपली वस्तू नाही.

उताऱ्याचा फोटोही मी काढत नाही. नारळ, कुंकू लावलेला भात, लिंबू, सगळं चौकात छान रंगीत दिसतं हे मलाही कळतं. अंधश्रद्धा म्हणणारे म्हणोत. कुणीतरी तापलेल्या पोरावरून तो उतरवलाय, माझ्या फीडसाठी नाही.

लोकांना वाटतं हे सगळं महापालिकेविरुद्ध तक्रार म्हणून चाललंय. जळगावात दुकानदार सावध होऊन पायरी झाडायला लागतात. धुळ्याला एका चहावाल्या काकांनी सरळ विचारलं, "ताई, कचराना फोटू काबर काढी राहिनी वं?" मी म्हटलं, काका, कुठे काय पडतं त्याची नोंद ठेवतेय. त्यावर ते म्हणाले, मग पाच कंदीलला जा, तिथे जास्त पडतं. धुळेकराला हे पटकन कळावं यात नवल नाही. माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडलेले कागद आयुष्यभर पायपीट करून गोळा करणारे इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये धुळ्यातच वारले आणि 1927 मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच उभं राहिलं. कागद कुठल्या गावातून, कुणाच्या घरातून आला हे माहीत नसेल तर त्याची किंमत किती घसरते, ते तिथल्या कुठल्याही अभ्यासकाला विचारा. फोटोचंही तसंच आहे.

तेव्हा काढणाऱ्यांनी जरूर काढा, फक्त खाली गल्ली आणि तारीख लिहा, कविता नको. भुसावळच्या मंडळींनी रेल्वे क्वार्टर्सच्या मागचा भाग घ्यावा. नंदुरबारचं माझ्याकडे काहीच नाही, तिथल्या मिरचीच्या हंगामात रस्त्यावर काय काय उरतं ते कुणीतरी दाखवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे फोटो कुणाकडे असतील तर इनबॉक्स करा, गोंडे आणि बाशिंगं कुठे जाऊन पडतात ते मला बघायचंय.