साबुदाणा मांसाहारी असल्याच्या दाव्याचा प्रतिवाद

आषाढी एकादशी, श्रावण किंवा नवरात्र जवळ आले की एक मजकूर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. सेलमहून कोइंबतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर साबुदाण्याचे कारखाने आहेत, तेथे कंद उघड्या खड्ड्यांत कित्येक महिने सडवतात, रात्रीच्या दिव्यांमुळे त्यांत असंख्य किडे पडतात, मजूर तो लगदा पायांनी तुडवतात आणि त्यातूनच पांढरेशुभ्र दाणे तयार होतात. म्हणून साबुदाणा मांसाहारी असून उपवासाला वर्ज्य आहे, असा त्याचा आशय असतो. आयुष्यभर श्रद्धेने उपवास करणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनात हा मजकूर विनाकारण अपराधाची भावना निर्माण करतो, म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

ठिकाणाचा उल्लेख खरा आहे, आणि बहुधा त्यामुळेच पुढचे सारे खरे वाटते. तमिळनाडूतील सेलम, नामक्कल आणि धर्मपुरी या पट्ट्यात कसाव्याची शेती आणि साबुदाण्याचा उद्योग एकवटलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आग्नेय आशियातून येणारा माल थांबला आणि हा उद्योग येथे मूळ धरू लागला. 1981 मध्ये उत्पादकांची ‘सागोसर्व्ह’ ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि 2023 मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातील साबू ताडाच्या खोडातील गरापासून होत असे, आपल्याकडचा मात्र कसाव्याच्या कंदापासून होतो. दोन्ही वनस्पतीच आहेत.

सर्वांत गंभीर आरोप महिनोन्‌महिने सडवण्याचा आहे आणि नेमका तोच सर्वांत दुबळा आहे. कसाव्याचा कंद जमिनीत असेपर्यंत टिकतो, पण उपटल्यावर दोन-तीन दिवसांतच आतून काळा पडू लागतो, त्यामुळे कारखान्याला तो शक्य तितक्या लवकर वापरावाच लागतो. कंद धुऊन, साल काढून यंत्रावर किसतात, भरपूर पाण्याबरोबर बारीक चाळण्यांतून गाळून चोथा वेगळा करतात आणि उरलेले दुधासारखे पाणी हौदांत स्थिर ठेवतात. काही तासांत स्टार्च तळाशी बसतो, वरचे पाणी काढून टाकतात आणि तळाचा ओलसर थर पुढे वापरतात. मजकुरातील ‘खड्डे’ म्हणजे प्रत्यक्षात हे निवळण्याचे हौद असावेत, असे मला वाटते. ज्यांनी घरी कुरडया केल्या आहेत त्यांना ही कृती नवीन नाही: गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून गाळायचे, चीक रात्रभर बसू द्यायचा आणि सकाळी वरचे निवळ पाणी ओतून द्यायचे. तेथे तर गहू तीन दिवसांत चांगलेच आंबतात, तरीही कुरडईला कोणी मांसाहारी म्हटलेले नाही.

आंबणे आणि सडणे यांतही फरक केला पाहिजे. पश्चिम आफ्रिकेत किसलेला कसावा मुद्दाम काही दिवस आंबवून ‘गारी’ नावाचे रोजचे अन्न तयार करतात. साबुदाण्याच्या कारखान्याला मात्र आंबणे परवडत नाही, कारण त्यामुळे स्टार्च आंबट होतो, त्याचा चिकटपणा आणि रंग बिघडतो आणि मालाला भाव मिळत नाही.

पायांनी तुडवण्याचे काम यंत्राच्या किसणीने होत असल्याने त्या आरोपावर फार लिहिण्यासारखे नाही. स्टार्चचा ओलसर चुरा हलवून त्याच्या गोळ्या होतात, त्या चाळून गरम तव्यांवर भाजतात किंवा वाफवतात आणि उन्हात वाळवतात. उघड्या हौदात एखादा कीटक पडणे अशक्य नाही. धान्यात, गुळात आणि पिठातही तो सापडतो. तो स्वच्छतेचा दोष आहे आणि त्याबद्दल तक्रार जरूर करावी, परंतु कीटक हा साबुदाण्याचा घटक नाही आणि भेसळ किंवा अस्वच्छता झाल्याने शाकाहारी पदार्थाची जात बदलत नाही.

काही मजकुरांत कसावा परदेशी असल्याने उपवासाला चालत नाही, असेही जोडलेले असते. कसावा दक्षिण अमेरिकेतून आला, हे खरे आहे. पण बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही अमेरिका खंडांतूनच आल्या आहेत आणि साबुदाण्याच्या खिचडीत हे सगळे एकत्र असतात. उपवासाला काय चालते, हे प्रत्येक घराच्या परंपरेने ठरते. कोणी वरी आणि राजगिराच खात असेल तर तो त्यांचा मान्य करण्याजोगा निर्णय आहे, पण त्याला किड्यांच्या कथेचा आधार लागत नाही.

मला खरी चीड येते ती या कथेमुळे रास्त प्रश्न झाकले जातात म्हणून. दाणे अधिक पांढरे दिसावेत यासाठी काही उत्पादक विरंजक रसायने वापरतात आणि तमिळनाडूच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने अशा मालावर कारवाईही केली आहे. ग्राहकाने चकचकीत पांढऱ्या दाण्याचा आग्रह सोडला तर या प्रकाराला मिळणारे उत्तेजन कमी होईल. कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या आम्लयुक्त, दुर्गंधीयुक्त सांडपाण्यावर नीट प्रक्रिया झाली नाही, तर आसपासच्या विहिरी आणि शेते बिघडतात. शिवाय साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे: 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, पण प्रथिने 1 ग्रॅमही नसतात. खिचडीला प्रथिने मिळतात ती शेंगदाण्याच्या कुटातून, म्हणून तो सढळ हाताने घालावा आणि मधुमेह असलेल्यांनी उपवासाच्या दिवशी साबुदाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.