अंगठा जपा, गहू मिळवा

सरकारी धान्य आणि सरकारी पैसे मिळवणं अवघड असतं, असा एक गैरसमज लोकांत पसरलाय. अजिबात अवघड नसतं. तुमचा जन्म योग्य वर्षी झालेला असावा, बोटं योग्य असावीत, उत्पन्न सरकारने आखून दिलंय तेवढंच असावं, नवरा ओटीपी सांगण्यापुरता तरी जगावा आणि त्या दिवशी सर्व्हर चालू असावा. एवढं जमलं की बाकीचं आपोआप होतं. नुकतीच मी माझ्या आत्याला घेऊन रेशन दुकान, सेतू, तहसील, बँक आणि पुन्हा रेशन दुकान अशी प्रदक्षिणा केली. त्यातून मिळालेलं ज्ञान एकट्याने पचवणं बरं नव्हे. गरीब व्हायचा विचार असेल तर आधी एवढं वाचून घ्या.

सुरुवात जन्मापासून करा. शक्यतो २०११ च्या जनगणनेआधी जन्माला यावं. अन्न सुरक्षा कायदा आला २०१३ मध्ये. महाराष्ट्राच्या वाट्याला इष्टांक, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांचा ठरलेला कोटा, आला सुमारे सात कोटी माणसांचा, तोही २०११ च्या लोकसंख्येवर. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ ची वाट बघायची. मधल्या काळात ज्यांनी लग्नं केली, पोरं जन्माला घातली किंवा धंदा बुडवून घेतला, त्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर केलं. आमच्या शेजारच्या घरात दोन लहान पोरांची नावं कार्डावर चढली आहेत, धान्याच्या यादीत नाहीत. ‘नाव लावलंय की तुमचं,’ पुरवठा विभागातला कारकून म्हणाला. लावलंय खरं. आता पोरांनी कार्ड उघडून नाव वाचायचं आणि ढेकर द्यायची. इष्टांक शिल्लक नाही, म्हणजे जुन्या यादीतलं कुणीतरी मेल्याशिवाय किंवा कटल्याशिवाय नव्याला जागा नाही. तेव्हा पुरवठा विभागात गेलात की उगाच नियमबियम काढू नका. ‘साहेब, या महिन्यात कोण गेलं का?’ एवढंच अदबीने विचारा.

उत्पन्नाच्या बाबतीत शिस्त पाळा. प्राधान्य कुटुंबात, म्हणजे रेशनच्या धान्याच्या यादीत, बसायचं तर वर्षाला गावात ४४ हजार, शहरात ५९ हजार. म्हणजे शहरातल्या पाच माणसांच्या घराने खोलीभाड्यासकट सगळा संसार महिन्याला पाच हजारांच्या आत बसवायचा, आणि बसवून झाल्यावर जिवंतही राहायचं. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या पेन्शन योजनांची मर्यादा त्याहून कडक, वर्षाला २१ हजार. महिन्याचे झाले साडेसतराशे. एक रुपया वर गेला की तुम्ही सधन! दोन घरची भांडी घासणाऱ्या विधवेने ‘तीन हजार मिळतात’ असं खरं सांगितलं की ती गेलीच बाहेर. म्हणून तर तालुक्यातल्या यच्चयावत निराधारांचं उत्पन्न दाखल्यावर वीस हजार नाहीतर एकवीस हजार असतं. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, सगळे सह्या करतात, शिक्के उठतात. आणि मग एक दिवस पेपरात बातमी येते की खोटे लाभार्थी शोधायची मोहीम सुरू. खोटं बोलायला लावलं कुणी, हे शोधायची मोहीम अजून कुणी काढलेली नाही.

लाडक्या बहिणींनो, केवायसीचा ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या मोबाइलवर जातो, तेव्हा केवायसी होईपर्यंत दोघांतला एक तरी जिवंत ठेवा. अगदीच नाही जमलं तर त्यांचं सिम तरी रिचार्ज करत राहा.

हयातीचा दाखला दरवर्षी द्या. तुम्ही स्वतः टेबलासमोर उभे आहात हा पुरावा होत नाही.

आता मुख्य विषय, अंगठा. अंगठा हा अवयव देवाने रेशन दुकानातल्या ठसा घेणाऱ्या ई-पॉस मशीनसाठी दिलेला आहे, हे लहानपणापासून पोरांच्या मनावर बिंबवा. त्याच्यावरच्या रेघा हीच खरी इस्टेट. धुणंभांडी, खुरपणी, विटा वाहणं, कापूस वेचणं, असली रेघा खाणारी कामं टाळा. पायरीपायरीने बढती घेत ऑफिसात बसा, एसीत काम करा. अशा माणसांचा अंगठा मशीनवर पहिल्या फटक्यात उठतो. त्यांना रेशन लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

आमची आत्या इथेच चुकली. तिने उभं आयुष्य विड्या वळल्या. तेंदूचं पान भिजवायचं, फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, बोटाच्या टोकाने तोंड दुमडायचं आणि दोरा मारायचा. दिवसाला हजाराच्या आसपास. आता तिच्या अंगठ्याचं टोक बघितलं तर चकचकीत आहे, वर्षानुवर्षं बसून बसून गुळगुळीत झालेल्या लाकडी पाटासारखं. कार्डावर ती एकटी. म्हणजे दुसऱ्या कुणाचा अंगठा चालण्याचाही प्रश्न नाही.

दुकानदार माणूस वाईट नाही. क्विंटलमागच्या तुटपुंज्या कमिशनवर तो ते मशीन, ती रांग आणि त्या रांगेच्या शिव्या सांभाळतो. त्याने आधी आत्याला ओल्या फडक्याने बोट पुसायला लावलं. मग कोरड्या. मग खोबरेल तेलाची बाटली काढली. काउंटरच्या खाली खास ठेवलेली असते. बाहेरच्या सरकारी फलकावर तिचा उल्लेख नाही.

‘आज्जी, जरा दाबून.’

‘दाबलंय रे बाळा.’

‘एवढं नका दाबू. दुसरं बोट द्या.’

‘आता कुठलं राहिलं?’

‘डाव्या हाताचं मधलं.’

‘ते झालं मगाशी.’

मशीनवर प्रत्येक वेळी तेच, त्रुटी ३००. म्हणजे बोटाचा ठसा आधारशी जुळत नाही. आत्या आत्याशी जुळत नाही! मागे उभे असलेले निम्मे लोक तिला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखतात, दुकानदाराच्या बापाने तिला रॉकेल मापून दिलंय. पण मशीन ओळखत नाही म्हटल्यावर विषय संपला. ‘आज्जी, आधार अपडेट करून या,’ तो म्हणाला. आधार केंद्रात गेलो. तिथल्या मशीननेही तिची बोटं घेतली, नुसती घेतली, ठसा काही धड आला नाही. ‘वयोमानाने असं होतं,’ तिथला पोरगा म्हणाला. अरे, मग वयोमान झालेल्यांनी खायचं काय?

म्हटलं, चेहऱ्याने करू. त्यासाठी ‘मेरा ई-केवायसी’ नावाचं ॲप आहे. आधी सराव म्हणून मोबाइल आत्याच्या तोंडासमोर धरला, म्हटलं, डोळे मिचकवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली आत्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या सांगण्यावरून डोळे मिचकवत होती आणि लाजेने अर्धी झाली होती. एका डोळ्याने नाही, दोन्ही, हे समजावून ॲप उघडलं, तर त्याने आधी ओटीपी मागितला, आणि ओटीपी गेला तिच्या दिराच्या पोराच्या जुन्या नंबरवर. आधार काढताना घरात तो एकच मोबाइल होता. तो नंबर आता कुणाकडे आहे, देव जाणे. ज्याच्याकडे असेल त्या भल्या माणसाला कळलं असेल की कुठल्यातरी म्हातारीला पाच किलो धान्य हवंय.

महिना संपला. न उचललेलं धान्य पुढच्या महिन्यात मिळत नाही, ते तुम्हाला माहीत आहेच.

बँक खात्याची सूचना थोडक्यात. श्रावणबाळचे दीड हजार कुठे जमा होतात, हे पासबुकाला विचारू नका. आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं गेलं, पैसे तिथे जातात. तहसीलच्या संगणकात ‘रक्कम जमा’ आणि आत्याच्या पासबुकात शून्य, असं का, ते शोधता शोधता कळलं, की मागे कधीतरी सिम घेताना तिने अंगठा दिला होता आणि दुकानातल्या पोराने त्याच अंगठ्यावर तिच्या नावाचं एक मोबाइलवरचं खातंही उघडून टाकलं होतं. तेव्हा बरा उठला अंगठा!

सर्व्हर डाऊन असेल तर झाडाखाली बसा. झाड नसेल तर पुढच्या आठवड्यात या.

तक्रार करायची हौस असेल तर १९६७ हा नंबर आहे. आपले सरकार पोर्टल आहे. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहेत, त्यांच्या वर राज्य अन्न आयोग आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. हे सगळं तहसील कार्यालयात भिंतीवर लावलेलं असतं, कपाटाच्या मागे. कपाट सरकवायला दोन माणसं न्या.

आणि हे सगळं चाललेलं असताना शेजारी मोटरसायकलवर बसलेले एक गृहस्थ मला म्हणाले, ‘फुकट देऊन देऊन माजवलेत लोक.’

माजवलेत? कोण माजलंय हो? ही? पाच किलोत? महिन्याला पाच किलो म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही नाही. तुमच्या घरी उरलेल्या पोळ्या गाईला जातात त्यात ही जगते. फुकट म्हणता; डिसेंबर २०२२ पर्यंत ती दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ घेतच होती, कुणापुढे हात पसरत नव्हती. तिच्या बोटांच्या रेघा ज्या विड्यांनी खाल्ल्या, त्या ओढणाऱ्यांचे अंगठे शाबूत आहेत, त्यांचं आधार झटक्यात जुळतं. केंद्र सरकार म्हातारपणाच्या पेन्शनला स्वतःचे किती देतं, माहीत आहे? साठ ते एकोणऐंशी वयाला महिन्याला दोनशे रुपये. वर्षानुवर्षं दोनशे. तुमच्या त्या मोटरसायकलला दोन लिटर पेट्रोलही येत नाही त्यात.

आणि पुरवठा विभागातले साहेब, तुम्हीही ऐका. ‘आमच्या हातात काही नाही, ऑनलाइन आहे’ हे आता पुरे झालं. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. कार्ड आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून त्या घराचं रेशन बंद केलं होतं. सरकारने मलेरिया म्हटलं; आई सांगत राहिली की पोर भात मागत गेली. त्यानंतर, २४ ऑक्टोबर २०१७ ला, केंद्राच्या अन्न विभागाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं: आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि धान्य द्यायचं. आधारच्या निकालात २०१८ ला सुप्रीम कोर्टानेही बजावलं, की ठसा जुळला नाही म्हणून कुणी वंचित राहता कामा नये. धान्य दिलं नाही तर त्याबदली पैसे द्यायचे, हे अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ मध्ये लिहिलेलं आहे. तो भत्ता घेतलेला एक माणूस मला तालुक्यात दाखवा.

मी विचारलं त्या रजिस्टरचं. दुकानदार म्हणाला, असलं काही आम्हाला दिलेलं नाही, तहसीलला असेल. तहसीलला म्हणाले, ते दुकानदाराकडेच असतं. पुरवठा निरीक्षक म्हणाले, बघू, आणि मोबाइल बघू लागले. म्हणजे ओळख पटवायची जबाबदारी आत्याची, बोट झिजलं तर दोष आत्याचा, ओटीपी चुकला तर धावपळ आत्याची, आणि कायद्याने ज्याच्यावर धान्य द्यायची सक्ती आहे तो खुर्चीत बसून ‘बघू’ म्हणणार. लाज वाटायला हवी. ती पंचाहत्तरीची बाई तुमच्या दारात चपला काढून उभी राहते, तुम्ही तिला बस म्हणत नाही.

रजिस्टर सापडत नसेल तर दोनशे पानी वही मी आणून देतो, पट्टीने रकानेही आखून देतो. पहिल्या ओळीत आत्याचं नाव घाला, शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, रांगेत पाहिजे तेवढे मिळतील. आणि तिचं धान्य मोजा. या महिन्याचं, आणि बुडालेल्या महिन्याचंही.